सॉफ्टवेअर सिंथ: तंबोऱ्यासारखा आवाज मुळापासून कसा बांधायचा?

खर्जातला

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत यावेळी माझ्याकडे आलंय. दिग्दर्शकाला सुरुवातीला तंबोरा हवाय आणि मग शेवटापर्यंत तोच आवाज हळूहळू गिरणीतल्या यंत्रासारखा होत गेला पाहिजे, मध्ये कुठेही "इथे तंबोरा संपला, इथे मशीन सुरू झालं" असं कळता कामा नये. आधी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन बघितलं, पण त्यावर काहीही लावा, इफेक्ट लावलेला तंबोराच वाटतो. म्हणून आता लॅपटॉपवर व्हायटल नावाचा सॉफ्टवेअर सिंथ टाकलाय, म्हणजे आवाज मुळापासून तयार करणारा प्रोग्राम, फुकट मिळतो तोच. त्यातले प्रीसेट म्हणजे तयार आवाज एकेक भन्नाट आहेत पण माझ्या कामाचा एकही नाही, आणि एखादा मोडून आपलं काही करायला जावं तर कुठला नॉब नेमकं काय करतोय ते कळत नाही, सगळंच एकदम हलतं. रिकाम्या पॅचपासून, म्हणजे नॉबच्या कोऱ्या मांडणीपासून, सुरू करून तंबोऱ्यापर्यंत पोचता येईल का? कुणी सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल, प्रयोगाला अजून वेळ आहे. पट्टी काळी एक.

सॉटूथ

पोचता येतं की. आणि रेकॉर्डिंगबद्दल तुला जे जाणवलं ते बरोबर आहे, रेकॉर्डिंगमध्ये तार, घोडी, भोपळा, बोटाचा स्पर्श, खोली सगळं एकत्र छापलं गेलेलं असतं, त्यातलं एकच काहीतरी वेगळं काढून हलवता येत नाही. सिंथमध्ये तू ते प्रत्येक वेगळं ठेवूनच आवाज बांधतोस, म्हणून ते वेगवेगळं हलवताही येतं. तुझ्या एकांकिकेला नेमकं हेच पाहिजे.

व्हायटलच्या मेनूतनं इनिशियलाइज कर. एकच ऑसिलेटर म्हणजे लाट निर्माण करणारा भाग चालू राहील, करवतीच्या दात्यांसारखी लाट, सॉ म्हणतात ती. त्यावर फिल्टर नाही, काही नाही. आता हा आवाज कानाला रुक्ष वाटेल पण याला टाकाऊ समजू नकोस, कारण यात सगळं आहे. काळी एकचा मधला षड्ज १३८.६ हर्ट्झ धरला तर या लाटेत १३८.६, त्याच्या दुप्पट २७७.२, तिप्पट ४१५.८ असे सगळेच्या सगळे पूर्णांक पटीतले सूर, म्हणजे हार्मोनिक, असतात, दुसऱ्याचा जोर पहिल्याच्या निम्मा, तिसऱ्याचा एक तृतीयांश, दहाव्याचा एक दशांश, असं उतरत जातं. चौकोनी लाट घेतलीस तर त्यात फक्त विषम म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा एवढेच, म्हणून ती पोकळ वाटते, क्लॅरिनेटच्या बाजूला झुकते. त्रिकोणी लाटेतही विषमच पण ते खूप लवकर मावळतात, तिसरा एक नवमांशावर येतो आणि पाचवा पंचविसाव्या भागावर, म्हणून ती मऊ. साइन लाटेत एकच, बाकी काही नाही. व्होक्सेंगोचं स्पॅन नावाचं फुकट प्लगइन आहे ते शेवटी लाव आणि प्रत्येक लाट वाजवताना पडद्यावर हे दांडके बघ. कान आणि डोळे एकदम शिकतात.

आता फिल्टर. लो पास लाव, म्हणजे कटऑफ नावाच्या हद्दीखालचं जाऊ देणारा आणि वरचं दाबणारा, २४ डीबीवाला. कटऑफ ५०० हर्ट्झवर ठेवलास तर १००० हर्ट्झवरचं जे काही आहे ते साधारण सोळाव्या भागावर येतं, २००० वरचं आणखी सोळाव्या भागावर. म्हणजे फिल्टर नवीन काही निर्माण करत नाही, आहे त्यातलं काढतो. या अख्ख्या पद्धतीला सबट्रॅक्टिव्ह म्हणतात ते यामुळेच. पण रेझोनन्स वाढवलास की कटऑफच्या जागेवरचा एखादाच हार्मोनिक उचलला जातो. आता हे करून बघ: कॉर्ड वगैरे नको, नुसता खर्ज धर, ६९.३ हर्ट्झ, रेझोनन्स बराच वर ने आणि कटऑफ अगदी सावकाश वरून खाली आण. हार्मोनिक एकेक करून गाताना ऐकू येतील. आणि ३४६ च्या आसपास आलास की लख्ख गांधार वाजेल. तू गांधार दाबलेलाच नाहीस. खर्जाचा पाचवा हार्मोनिक आहे तो, ६९.३ गुणिले पाच.

तिसरी गोष्ट एन्व्हलप, म्हणजे सूर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एखादी गोष्ट कशी चढते-उतरते त्याची रेघ, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. लोक सगळा वेळ ऑसिलेटरमध्ये घालवतात, कुठलं वेव्हटेबल (साठवलेल्या लाटांचा संच) भारी, कुठलं ॲनालॉगसारखं, पण कान वाद्य ओळखतो ते आवाज कसा सुरू होतो आणि कसा बदलत जातो यावरून. पियानोच्या रेकॉर्डिंगची सुरुवात कापून टाक आणि उरलेलं ऐकव, भलेभले गोंधळतात. म्हणून पहिला एन्व्हलप आवाजाच्या लहान-मोठेपणाला आणि दुसरा एन्व्हलप कटऑफला जोड, आणि दोघांचे वेळ वेगळे ठेव. आवाज मोठाच राहतो पण तेज कमी होत जातं, किंवा उलट. इथपर्यंत कर आणि सांग, मग जवारीकडे, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या झंकाराकडे, जाऊ.

निशिगंधा

किती छान लिहिलंय. स्वयंभू गांधार खरंच ऐकू आला मला, आत्ताच करून बघितलं!! पण एक विचारते, मी कीबोर्डवर तोच गांधार दाबला तर तो या गांधाराशी जुळत नाहीये, थरथर येते.

सॉटूथ

येणारच, आणि ती थरथर मोजताही येते. कीबोर्डचा गांधार समान अंतराच्या पट्टीतला, ३४९.२ हर्ट्झ. खर्जातनं निघालेला ३४६.५. फरक २.७, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन ठोके. व्हायटल आणि सर्ज एक्सटी (हाही एक सिंथ) दोन्हीत ट्यूनिंगच्या फाइल घालता येतात, स्काला नावाच्या प्रकारातल्या, त्यात गांधार १४ सेंट (कीबोर्डच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे शंभर सेंट) खाली घ्या, शांत होईल. तंबोऱ्यासारखा ड्रोन लावून वर कीबोर्ड वाजवणार असाल तर हे केल्याशिवाय मजा नाही.

खर्जातला

सगळं केलं. आता पहिल्यांदा कळलं की प्रीसेटमध्ये काय चाललेलं असतं. पण अजून तो तंबोरा नाही, तंबोऱ्याच्या पट्टीतला सिंथ आहे. प, सा, सा, खर्ज असा लूप लावलाय, रिलीज (सूर सोडल्यावर विरायचा वेळ) लांब ठेवलाय म्हणजे आवाज एकमेकांवर चढतात, तरी पण ते "झंऽऽ" नाही.

मिरजकर

ते झं म्हणजे जवारी. मी सिंथवाला नाही पण तंबोरे आमच्या घरात लहानपणापासून बघितलेत म्हणून लिहितो. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, तिचा माथा रुंद असतो आणि तो किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर अलगद टेकते, हलताना पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते. तारेखाली सुती दोरा सारतात तो मागेपुढे सरकवत गेलं की एका नेमक्या जागी आवाज उघडतो, केसभर पुढे गेला की बंद. वाजवून वाजवून तारेने घोडीवर खाच पडली की जवारी परत काढून घ्यावी लागते, आणि ती काढणारे हात फार थोडे. तुमच्या यंत्रात करायचं असेल तर एक लक्षात ठेवा, छेडल्या छेडल्या आवाज सगळ्यात तेजस्वी नसतो. बोटाच्या मांसल भागाने छेडतात, नखाने नाही, त्यामुळे सुरुवात मऊ असते, मग आवाज फुलतो आणि त्यानंतर वरचे सूर एकेक करून उतरत येतात. आणि प्रत्येक तारेचं हे उतरणं स्वतंत्र चालू असतं.

तरंगलांबी

मिरजकर, तुम्ही जे सांगताय त्यावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी काम केलेलं आहे, १९२१ च्या सुमारास, प्रकाशाच्या विकिरणावरच्या नोबेलच्या कितीतरी आधी. नेहमीचा नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा निश्चल बिंदू येतो तो हार्मोनिक निघतच नाही. तंबोरा साधारण मध्याजवळ छेडतात, म्हणजे नियमाप्रमाणे सम हार्मोनिक, दुसरा, चौथा, सहावा हे दुबळे पडायला हवेत. रामन यांनी तंबोरा आणि वीणेवर पाहिलं की ते जोरात वाजतात. कारण घोडी. तार तिच्या उतारावर टेकते-सुटते तेव्हा तारेची लांबी प्रत्येक आंदोलनात बदलत असते, आणि खालच्या हार्मोनिकमधली ऊर्जा वरच्यांत जाते. म्हणजे तंबोऱ्यात वरचे हार्मोनिक छेडतानाच भरलेले नसतात, ते वाजता वाजता तयार होत राहतात. सबट्रॅक्टिव्ह पद्धतीत सगळे सुरुवातीलाच असतात आणि आपण फक्त काढतो, तिथेच खर्जातला यांचा आवाज अडलाय असं मला वाटतं.

सॉटूथ

तरंगलांबी, हे वाचून खूप बरं वाटलं, नेमकं दुखणं सापडलं. खर्जातला, आता दोन वाटा आहेत.

पहिली वाट सोपी. फिल्टर दोन लाव. एक लो पास, नुसता वरचा कर्कशपणा कमी करायला. दुसरा बँड पास (मधला पट्टाच जाऊ देणारा) किंवा भरपूर रेझोनन्सवाला, त्याच्या कटऑफला वेगळा एन्व्हलप: अटॅक (चढायचा वेळ) अर्ध्या सेकंदाच्या आसपास, मग तीन-चार सेकंद लांबीचा उतार, ३००० हर्ट्झच्या जवळून सहाशे-सातशेपर्यंत. मिरजकरांनी सांगितलेलं फुलणं आणि उतरणं दोन्ही यात येतं. पण हा फिल्टर इफेक्टच्या साखळीतला घेऊ नकोस, व्हॉइसमधलाच घे. इफेक्टमधला फिल्टर सगळ्या सुरांना मिळून एकच असतो, एक तार उतरत असताना दुसरी छेडली की तो परत वर उडी मारतो आणि सगळा खेळ उघडा पडतो. व्हॉइसमधला फिल्टर प्रत्येक सुराला स्वतंत्र मिळतो. मग त्या कटऑफला थोडासा रँडम जोड, अगदी थोडा, म्हणजे दर वेळी छेडताना आवाज तंतोतंत तोच येणार नाही. आणि जोडीच्या दोन तारांत अर्ध्या-पाऊण हर्ट्झचा फरक ठेव, तो श्वास घेतल्यासारखा ठोका त्यातनं येतो. इथे युनिसनच्या डिट्यूनचा नॉब वापरू नको, दोन वेगळ्या सुरांत फरक पाहिजे, एकाच सुराच्या आठ प्रतींत नको.

दुसरी वाट तारेचंच गणित करायची, फिजिकल मॉडेलिंग. केविन कार्प्लस आणि अलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती इतकी साधी आहे की मला अजून तिचं आश्चर्य वाटतं. थोडासा गोंगाट घ्यायचा, एका छोट्या डिलेमध्ये (आवाज साठवून जरा उशिराने परत देणाऱ्या रांगेत) भरायचा, आणि तो गोल गोल फिरवत ठेवायचा, दर फेरीला शेजारच्या दोन सँपलची, म्हणजे आवाजाच्या लागोपाठच्या दोन मोजणींची, सरासरी काढायची. बस. सरासरीमुळे वरचे हार्मोनिक लवकर मरतात, खालचे टिकतात, आणि कानाला छेडलेली तार ऐकू येते. डिलेची लांबी म्हणजे तारेची लांबी. सेकंदाला ४४१०० सँपल धरले तर १३८.६ हर्ट्झसाठी साधारण ३१८ सँपल लागतात. वरच्या सुरात मात्र पंचाईत होते, २००० हर्ट्झला साडेएकवीस लागतात आणि अर्धा सँपल तर ठेवता येत नाही. एकवीस घेतले तर सूर ४४ सेंट चढा, बावीस घेतले तर ३५ सेंट उतरा, दोन्ही बेसूर. म्हणून मधली किंमत अंदाजणारा एक छोटा फिल्टर त्या फेरीत घालतात. सर्ज एक्सटीमध्ये स्ट्रिंग नावाचा ऑसिलेटर आहे तो याच घराण्यातला. सर्ज पूर्ण फुकट आहे, २०१८ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, आता तो लोकच सांभाळतात. जवारी आणायची तर त्या फेरीत तार वर गेल्यावर वेगळी आणि खाली गेल्यावर वेगळी वागेल अशी काहीतरी वाकडी गोष्ट घालावी लागते, घोडी एकाच बाजूला असते ना. हे सर्जच्या नॉबवर मिळणार नाही, स्वतः कोड लिहावा लागेल. पण नुसत्या स्ट्रिंग ऑसिलेटरपुढे वरचा फुलणारा फिल्टर लावलास तरी निम्मं काम होतं.

नादलुब्ध

सगळं वाचलं, ज्ञान भरपूर आहे, पण स्पष्ट बोलतो राग मानू नका. इतकी खटपट करून जो आवाज येणार तो उत्तम सँपल लायब्ररीतल्या तंबोऱ्याच्या जवळपासही जाणार नाही. खऱ्या वाद्याचा मान ठेवावा, चांगलं रेकॉर्डिंग वापरावं. सिंथने सिंथचंच काम करावं.

मिरजकर

नादलुब्ध, तंबोऱ्याच्या जागी हे बसवायचं असतं तर मीच पहिल्यांदा विरोध केला असता. गायकाच्या मागे खरा तंबोराच पाहिजे. पण या मुलाला तंबोऱ्यापासून निघून दुसरीकडे जायचंय. आणि मला विचाराल तर त्याने आठवडाभरात जवारीबद्दल जेवढं विचारलं तेवढं वर्षानुवर्षं तंबोरा घेऊन बसणारे विचारत नाहीत.

नादलुब्ध

एकांकिकेचा मुद्दा मान्य. मैफलीसाठी माझं मत तेच राहील.

निशिगंधा

मध्येच दुसरं विचारते, माफ करा. माझ्या फोनवर एक सिंथचं ॲप आहे, त्यात सॉ लाट वरच्या सप्तकात वाजवली की खाली काहीतरी भलतेच सूर ऐकू येतात, मी वर जाते तर ते खाली येतात. व्हायटलमध्ये तसं होत नाही. फोन खराब आहे का?

सॉटूथ

फोन चांगला आहे, ॲपमधला ऑसिलेटर कच्चा लिहिलाय. संगणक सेकंदाला ४४१०० वेळा लाटेची उंची मोजतो, त्यामुळे २२०५० हर्ट्झच्या वरचं काही त्याला मांडताच येत नाही. पण सॉ लाटेचे हार्मोनिक तिथे थांबत नाहीत. ५००० हर्ट्झचा सूर घ्या, त्याचे १००००, १५०००, २०००० ठीक आहेत, पुढचा २५००० हवा. तो २२०५० च्या भिंतीवर आपटून १९१०० वर येतो, ३०००० चा १४१००, ३५००० चा ९१००, ४०००० चा ४१०० वर. या ४१०० चा ५००० शी काहीच संबंध नाही, शिवाय तुम्ही सूर वर नेलात की तो खाली सरकतो. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ते हेच, कॅमेऱ्याच्या फ्रेम कमी पडतात म्हणून. याला अलियासिंग म्हणतात.

उपाय बरेच आहेत. लाटेची उडी जिथे असते तिथले एक-दोन सँपल गोलसर करायचे, पॉलीब्लेप म्हणतात त्याला, स्वस्त आणि मस्त. किंवा वेव्हटेबल असेल तर प्रत्येक सप्तकासाठी वेगळी प्रत ठेवायची, वरच्या सप्तकाच्या प्रतीत हार्मोनिक आधीच कमी केलेले. किंवा सगळं दुप्पट-चौपट वेगाने मोजून नंतर गाळून खाली आणायचं, याला प्रोसेसर जास्त लागतो. मी छंद म्हणून प्लगइन लिहितो, आणि माझा अनुभव असा की कुठल्याही सिंथची पारख करायची तर प्रीसेट ऐकू नयेत, नुसती सॉ लाट घेऊन सर्वात वरच्या सप्तकात पिच बेंड फिरवावा. दोन सेकंदात कळतं लिहिणाऱ्याने किती मेहनत घेतलीय.

आणि तरीही हे मुद्दाम हवं असू शकतं. सर्जमध्ये अलियास नावाचाच एक ऑसिलेटर दिलाय. खर्जातला, तुझ्या गिरणीसाठी तो बघून ठेव.

जुनी_कॅसेट

धागा फार सुंदर चाललाय. सॉटूथ यांनी मोजायचं सांगितलं त्यावरनं आठवलं, १९५७ मध्ये बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ वर म्युझिक नावाचा प्रोग्राम चालवला, त्यात सतरा सेकंदांची रचना वाजली. तेव्हा संगणक आधी सगळं मोजून टेपवर उतरवायचा आणि मग ती टेप दुसऱ्या यंत्रातून आवाजात बदलायची. बोट दाबलं की वाजलं ही गोष्ट घरच्या संगणकावर यायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं, स्टाइनबर्गने व्हीएसटी, म्हणजे संगीताच्या प्रोग्रामला प्लगइन जोडायची पद्धत, १९९६ मध्ये आणलं आणि १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात वाद्यं आली.

आणि ड्रोन-सिंथ हा विषय निघालाय म्हणून दोन नावं घेतलीच पाहिजेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ मध्येच मूग सिंथ आणून स्टुडिओ उभा केला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडर त्यासाठी आले होते. आणि मुंबईत चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस, त्यांनी १९८२ मध्ये रोलंडचा ज्युपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती परत निघाली तेव्हा जगभरचे लोक चक्रावले, कारण तसाच आवाज शिकागोत ॲसिड हाऊस म्हणून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गाजला होता. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. बेस गिटारसाठी केलेली ती सोय रागसंगीत कानात असलेल्या माणसाच्या हातात पडली आणि त्याने तिच्यातनं मींड काढली.

निशिगंधा

मींड!! माझा खरा प्रश्न तोच आहे. ग्लाइड चालू केला की सगळ्या सुरांवर सारखाच घसरगुंडीसारखा जातो, ऐकवत नाही.

सॉटूथ

ग्लाइडचा वेळ ठरलेला आणि वाटही ठरलेली, मींडेत कुठे रेंगाळायचं हे गाणारा ठरवतो. म्हणून मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटो (सूर न तोडता जोडणं) चालू करा, ग्लाइड शून्य, आणि पिच बेंडचं चाक हाताने वापरा. त्याची रेंज बहुतेक ठिकाणी वर-खाली दोनच स्वरांतरं असते ती बारा करून घ्या. मिडीत, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या भाषेत, बेंडला १६३८४ पायऱ्या असतात, बारा केलं तरी एक पायरी सेंटच्या सातव्या भागाएवढी पडते, कानाला पायऱ्या कळणार नाहीत. साध्या मॉड्युलेशनच्या चाकाला १२८ च पायऱ्या, त्यावर मींड घेऊ नका. एकच अडचण, बेंड पूर्ण चॅनेलला लागतो, दोन सूर धरले असतील तर दोन्ही वाकतात. प्रत्येक बोटाला वेगळा बेंड हवा असेल तर एमपीई म्हणून प्रकार आहे, २०१८ मध्ये तो मिडीच्या प्रमाणात आला, पण त्याला तसा कीबोर्ड लागतो. तंबोरा वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, मींड वेगळ्या, प्रश्न मिटला.

खर्जातला

मंडळी, जमलंय! पहिली वाट घेतली. दोन फिल्टर, फुलणारा एन्व्हलप, रँडम, जोडीत पाऊण हर्ट्झ. दिग्दर्शकाने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं कुणाचा तंबोरा आणलास. मिरजकर काका, तुमच्या "छेडल्या छेडल्या तेजस्वी नसतो" या वाक्याने सगळं बदललं. आता तिथून मशीनकडे कसं जायचं? कटऑफ वाढवला तर नुसता तंबोरा ओरडतो.

तरंगलांबी

पूर्णांक पटी मोडा. कान तारेला तार म्हणतो कारण तिचे हार्मोनिक पूर्णांक पटीत असतात. धातूचा पत्रा, घंटा, यंत्राचा सांगाडा यांत त्या पटी पूर्णांक नसतात. साध्या ताणलेल्या गोल पडद्यात सुद्धा १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या असतात, आणि तबल्याला शाई लावून आपल्या लोकांनी त्या ओढून पूर्णांकाजवळ आणल्या, म्हणून तबला सुरात लागतो. यावरही रामन यांनी लिहिलंय. तुम्हाला उलटी दिशा पकडायची आहे.

सॉटूथ

अगदी हेच, आणि त्यासाठी एफएम, म्हणजे एका लाटेने दुसरीचा सूर वेगाने हलवायचा. १९६७ मध्ये स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग एका सुराला कंप देत होते, तो कंप त्यांनी वाढवत वाढवत इतका वेगात नेला की कानाला कंप ऐकू येईना, आवाजाचा पोतच बदलला. पुढे यामाहाने ते हक्क घेतले आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ काढला, सहा ऑपरेटर म्हणजे एकमेकांना हलवणाऱ्या सहा लाटा, त्यांच्या बत्तीस जोडण्या. तो आवाज फुकट हवा असेल तर डेक्स्ड नावाचं प्लगइन आहे. पण तुला व्हायटलमध्येच करता येईल, एका ऑसिलेटरने दुसऱ्याला एफएम करायची सोय त्यात आहे.

पहिला ऑसिलेटर साइन कर, दुसराही साइन, त्याच सुरावर, आणि दुसऱ्याने पहिल्याला एफएम दे. दोन्ही एकाच सुरावर असेपर्यंत सगळे पूर्णांक हार्मोनिक मिळतात, म्हणजे तंबोऱ्याशी जुळणारा आवाज. एफएमची मात्रा त्याच फुलणाऱ्या एन्व्हलपला जोड. आणि इथे तरंगलांबींचं दुखणंही थोडं बरं होतं, कारण एफएममध्ये मात्रा वाढते तसे वरचे हार्मोनिक खरोखर नव्याने तयार होतात, आधीपासून असलेले उघडे पडत नाहीत. फिल्टर थोडे सैल करावे लागतील, तंबोरा परत कानाने बसव.

आता दुसऱ्या ऑसिलेटरचा सूर मॅक्रोला (हव्या त्या गोष्टी जोडायचा मोकळा नॉब) जोड आणि मॅक्रो अगदी हळू वर ने. १ हर्ट्झ सरकला की प्रत्येक हार्मोनिकच्या जागी दोन रेषा होतात, एकमेकींपासून २ हर्ट्झवर, म्हणजे सगळे हार्मोनिक एकाच लयीत, सेकंदाला दोन ठोके देऊ लागतात. अजून तंबोराच, पण त्याच्या आत काहीतरी फिरायला लागलेलं. ५ हर्ट्झ सरकला की सेकंदाला दहा, आता मोटर. आणखी वर गेलास की ठोके मोजता येत नाहीत, खरखर होते, आणि दुसऱ्याचा सूर पहिल्याच्या १.४ पटीच्या आसपास पोचला की पूर्ण धातू. मध्ये कुठेही जोड नाही, कारण एकच आकडा सरकतोय. ऑटोमेशनची (वेळेनुसार नॉब आपोआप हलवायची) रेघ सरळ काढू नकोस, सुरुवातीला जवळजवळ सपाट ठेव, कारण पहिल्या दोन हर्ट्झमध्येच सगळं नाटक आहे, आणि शेवटी सर्जच्या अलियास ऑसिलेटरचा थर खालून येऊ दे.

खर्जातला

हे भयंकर चांगलं होतंय. पहिला ठोका नेमका कधी सुरू झाला ते मला स्वतःला कळत नाही. एकच अडचण, आवाज मध्येच तडतडतो, सीपीयूचा काटा लाल. मोठ्या पोताच्या मोहात तीनही ऑसिलेटरला आठ-आठ युनिसन लावलंय.

सॉटूथ

तीन ऑसिलेटर, आठ प्रती, आणि लांब रिलीजमुळे एका वेळी सहा सूर जिवंत, म्हणजे १४४ ऑसिलेटर झाले. एफएमच्या जोडीवरचं युनिसन काढ, तिथे ते ठोके पुसून टाकतं. तिसऱ्यावर दोन ठेव. बफर (संगणक एका दमात किती सँपल मोजतो) २५६ असेल तर १०२४ कर, ५.८ ऐवजी २३ मिलिसेकंद उशीर होईल पण तू कुठे लाइव्ह वाजवतोयस, लूपच आहे. आणि प्रयोगाला प्लगइन चालवत नेऊ नकोस, पूर्ण वाढ बाउन्स करून, म्हणजे आवाजाच्या फाइलमध्ये उतरवून ने, ४८००० ला, सोबत नुसत्या तंबोऱ्याची आणि नुसत्या मशीनची अशा दोन लांब फाइल वेगळ्या. नटाने एखादा प्रसंग ओढला किंवा लवकर संपवला तर टोकाला त्यातली एक घालून सांभाळता येईल.

खर्जातला

युनिसन काढलं, काटा हिरवा, आणि आवाज उलट स्वच्छ झाला. फाइल रात्री बाउन्स करतो. पॅच इथेच टाकतो म्हणजे कुणाला उघडून बघायचा असेल तर बघता येईल, मॅक्रो एक म्हणजे जवारी, मॅक्रो दोन म्हणजे गिरणी.

मिरजकर

पॅच उघडायला पुतण्याला बसवलंय. मॅक्रो एक थोडा पुढे घे, पंचमाच्या तारेची जवारी अजून बंद आहे.